चिबडाशेजारचं कारीट

आमच्या सोसायटीत शेती सुरू झाली ती फलकापासून. माती यायच्या आधी फलक आला. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, बिल्डरने जिथे बदकाच्या आकाराची घसरगुंडी बसवली आहे तिथल्या कोपऱ्यात एक हिरवा फलक लागला: 'आपली शेती, आपलं ताट'. त्याखाली उभं राहून समितीच्या लोकांनी हातमोजे घालून फोटो काढले. मोजे कोरे करकरीत होते. सेक्रेटरीच्या मनगटाशी किमतीची चिठ्ठी लोंबत होती आणि ती काढायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मी वर्तकनगरात जुन्या चार मजली इमारती होत्या तेव्हापासून राहतो. तेव्हा मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू असायचं, कुंपणावर वाल चढलेले असायचे आणि त्याला कोणी शेती म्हणत नव्हतं. लोक भाजी लावत आणि खात. मग इमारती पाडल्या, टॉवर उभे राहिले, आणि ज्यांनी आपल्या हाताने ती अळवं उपटली त्यांनाच दहा वर्षांनी मातीचा उमाळा आला. समिती झाली, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, मोठाल्या हिरव्या पिशव्या आल्या, नारळाच्या काथ्याचा भुसा आला. त्या भुशात त्यांनी काय लावलं? लेट्यूस. ठाण्याच्या मे महिन्यात लेट्यूस. चार दिवसांत त्याची पानं धुतलेल्या रुमालासारखी लोळली, आणि ग्रुपवर चर्चा झाली की रोपांना संगीत ऐकवावं का.

मला माणसं फारशी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. भाजीतलं काही कळत नसताना भाजीवर बोलणारी माणसं तर अजिबात नाहीत. एका खाजगी कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांच्या रेषा खोडत बसलो, तो स्वभाव निवृत्तीबरोबर सुटला नाही. संध्याकाळी मी पोडियमवर जायचो, बाकावर बसायचो आणि त्यांची शेती बघायचो. सेक्रेटरीने एकदा मला विचारलं, "काका, भेंडीचा वेल किती उंच जातो?" मी म्हटलं, "तुमच्या मजल्यापर्यंत." त्याचा मजला अकरावा. त्याने मान डोलावली आणि दोरी आणायला गेला.

पावसाळा लागताना त्यांनी रानभाज्यांचा दिवस केला. प्रत्येकाने एक भाजी करून आणायची. कुणी टाकळा आणला, त्यात चीज किसलेलं. कुणी कुरडूची भजी आणली, ती बरी होती, कारण ती घरच्या कामवाल्या मावशींनी केली होती. सेक्रेटरीच्या बायकोने शेवळं आणली होती. शेवळं विकणाऱ्या आदिवासी बायका त्यांच्याबरोबर काकडं देतात, छोटी हिरवी आंबट फळं. ती वाटून त्यात घातली नाहीत तर शेवळांनी घसा असा खाजतो की माणूस बोलायचा थांबतो. ह्या बाईंनी काकडं 'सजावटीला' वर ठेवली होती, अख्खी. मी ते पाहिलं. मला पहिल्या नजरेत कळलं. मी काही बोललो नाही. लोकांनी ताटल्या भरून घेतल्या आणि पाच मिनिटांनी सगळी समिती खाकरत होती, आणि मी बाकावर बसून चहा पीत होतो. त्या रात्री मला झोप फार छान लागली.

फक्त एक बाई ताटली हातात घेऊन माझ्याकडे आली होती, जेवायच्या आधी. चौथ्या मजल्यावर राहते, तिशीची असेल, घरून कॉम्प्युटरचं काम करते. कल्याणच्या चाळीत वाढलेली. त्यांच्या हॉलमध्ये दारासमोरच बुद्धाची मूर्ती आहे, लिफ्ट चौथ्यावर थांबली की आतूनच दिसते. तिच्या हातात नेहमी एक शाळकरी वही. तिने विचारलं, "काका, हे असंच खायचं का? आमची आजी ह्यात काहीतरी आंबट वाटून घालायची असं आठवतंय." मी म्हटलं, "मग आजीलाच विचारा." ती म्हणाली, "आजी नाहीये आता." आणि तिने ती शेवळं खाल्ली नाहीत, ताटली तशीच ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. वही घेऊन शेती करणाऱ्या माणसाबद्दल माझं जे मत असायचं तेच तिच्याबद्दल झालं.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण एवढा वेळ दुसऱ्यांना नावं ठेवतोय.

माझी आई शहाऐंशीची आहे. डोंबिवलीत धाकट्या भावाकडे असते, सातव्या मजल्यावर, जिथे ऊन फक्त समोरच्या इमारतीच्या काचेवरून परतून येतं. आई कोकणातली. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरून चिबडाचं बी आणलं होतं. चिबूड म्हणजे पावसाळ्यात वेलाला लागणारं खरबुजाच्या जातीचं फळ, गणपतीच्या सुमाराला पिकून फुटतं आणि घरभर वास सुटतो. फोडून, बिया काढून, गूळ आणि नारळाचं दूध घालून खायचं, वर भिजवलेले पोहे. ते बी आईने डोंबिवलीच्या चाळीमागे लावलं, मग भाड्याच्या घराच्या परसात, मग एका मैत्रिणीच्या अंगणात. दर वर्षी चांगल्यातलं चांगलं फळ बाजूला काढून त्याचं बी राखेत घोळून ठेवायची. बाजारात चिबडं मिळतात, पण आई ती चाखून वाटी सरकवून देते. तिला आताशा काही जात नाही. दात नाहीत, भूक नाही, जेवणाचं ताट बघून ती तोंड फिरवते. वर्षातून एकदा ते चिबूड मात्र वाटी निपटून खाते. त्या चार दिवसांत ती आम्हाला आमच्या लहानपणच्या गोष्टी सांगते, हसते, आणि मग परत गप्प होते. म्हणून मला ते चिबूड हवं असायचं. बाकी सगळं मी तुच्छ मानत आलो, हे एक नाही.

मैत्रीण गेली, अंगण गेलं. त्या मेमध्ये आईने मला राखेची एक पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे ती गच्ची आहे ना, तिथे लाव. नीट लाव." मी समितीकडून दोन हात जागा मागून घेतली. त्यांचा भुसा मी फेकून दिला आणि येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका ओळखीच्याकडून लाल माती आणली. चार वेल चढवले. बघणारे बघत राहिले.

आणि मी कारीटही लावलं.

कारीट म्हणजे अंड्याएवढं कडू फळ. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या आधी डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, त्याचा थेंब जिभेला लावायचा. गावात ते कुंपणावर फुकट येतं. इथे दिवाळीच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेर टोपल्या लागतात आणि सुटाबुटातले लोक एकेक कारीट वीस रुपयांना घेऊन पिशवीत जपून ठेवतात. मला ते बघवत नसे. रानातलं फळ विकत घेणारे हे लोक! आदल्या दिवाळीत आमच्या बाथरूमच्या दारात फोडलेल्या कारिटाच्या बिया मी धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. ठरवलं होतं, ह्या वर्षी सोसायटीच्या प्रत्येक दाराला फुकट कारीट लावून ह्यांना लाजवायचं. चिबडाच्या शेजारच्याच पिशवीत बिया टाकल्या.

ऑगस्टमध्ये आई पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली. संध्याकाळी मी तिला पोडियमवर बसवायचो. चौथ्या मजल्यावरची ती बाई रोज येऊन तिच्या शेजारी बसायची, वही उघडून. बी कोणत्या फळाचं धरायचं, पहिल्या का दुसऱ्या, राख कोणत्या लाकडाची, आई सांगत होती आणि ती लिहीत होती. मी दुरून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, लिहा, लिहा, पेन्सिलीने वेल येतात का बघू.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आई उठून माझ्या वेलांजवळ गेली. कारिटाचा वेल तिने ओळखला.

"अरे, हे इथे कशाला लावलंस? चिबडाच्या जवळ कारीट ठेवत नाहीत. काढून टाक."

"काय होतंय आई त्याने?"

"बी बिघडतं. काढ म्हणते ना."

"बरं, काढतो."

मी काढलं नाही. आई चाळीत राहिलेली, तिला काय कळतंय, असं मला वाटलं असेल. खरं सांगायचं तर एवढंही वाटलं नाही. दिवाळीची ती दारं माझ्या डोळ्यांसमोर होती. आई डोंबिवलीला परत गेल्यावर ती बाई मला म्हणाली, "काका, आजी सांगून गेल्यात. मी काढू का ते कारीट?"

मी म्हटलं, "तुमच्यात कारीट फोडत नाहीत. तुम्हाला त्याची काय गरज कळणार?"

तिने पेन्सिल वहीत ठेवली. मग वही मिटून गेली. हे वाक्य मी लिहून ठेवतोय कारण ते माझं आहे, आणि इतक्या सहज तोंडातून आलं की ते कुठून आलं हे मला माहीत आहे.

त्या वर्षी चिबूड उत्तम झालं. गणपतीत डोंबिवलीला घेऊन गेलो, आईने दोन वाट्या खाल्ल्या आणि वडिलांनी एकदा चिबूड समजून कच्चा भोपळा कसा कापला ते पुन्हा सांगितलं. मी सगळ्यात मोठ्या फळाचं बी राखेत ठेवलं. दिवाळीला प्रत्येक दाराच्या कडीला एक कारीट अडकवलं, चौथ्या मजल्यावरचं ते एक दार सोडून. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर माझे आभार मानले आणि मी ते उपकार केल्यासारखे स्वीकारले. मधे त्या बाईने सोसायटीच्या ऑफिसात बियाण्यांचं कपाट सुरू केलं होतं, काचेच्या बाटल्या, वर नावं. तिने चिबडाचं थोडं बी मागितलं. मी म्हटलं, "काचेत ठेवायला ते लोणचं नाही." एकही बी दिलं नाही.

पुढच्या जूनमध्ये सगळं बी लावलं. त्यातली चार रोपं ठेवून बाकी उपटली आणि वेल आधीपेक्षा जोमात आले. भाद्रपदात पहिलं फळ तडकलं. वास तोच. बायकोने गूळ आणि नारळाचं दूध घातलं, पहिला घास घेतला आणि बेसिनकडे धावली. मी चाखलं. जिभेवर ठेवताक्षणी सगळं तोंड कडू झालं. ती कडू चव मला ओळखीची होती. दर दिवाळीला पहाटे तिचा एक थेंब जिभेवर ठेवतो, तीच.

मी काय केलं असेल? ग्रुपवर लिहिलं. सोसायटी झाडांना शुद्ध केलेलं सांडपाणी घालते, त्याने माझं पिढ्यांचं बी नासलं, जबाबदार कोण, असं लांबलचक लिहिलं. रविवारी समितीने पोडियमवर सगळ्यांना बोलावलं. मी अर्धा तास बोललो. लेट्यूसपासून सुरुवात केली. भुसा, हातमोजे, फलक, काही सोडलं नाही. सेक्रेटरी घाम पुसत माफी मागायच्या बेतात होता. तेव्हा ती बाई मागून म्हणाली, अगदी हळू:

"काका, आजींनी ते कारीट काढायला सांगितलेलं ना? मी नंतर वाचलं त्याच्यावर. दोघांचं कूळ एकच आहे. मधमाश्या ह्या फुलावरून त्या फुलावर जातात. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, पण आतलं बी बिघडलेलं असतं. ते पुढच्या वर्षी कळतं."

"वाचून शेती होत नाही," मी म्हणालो आणि जिन्याने घरी निघालो. लिफ्टसाठी थांबलो नाही. तिचं म्हणणं खरं आहे हे मला तिसऱ्या पायरीवरच पटलं होतं.

चारपैकी तीन वेलांची फळं चाखून टाकली होती, सगळी कडू. चौथ्या वेलावर एकच फळ होतं, न कापलेलं. ते मी कापलं नाही. एवढं एक गोड निघेल असं मी स्वतःला सांगत राहिलो, म्हणजे लेट्यूसला गाणी ऐकवणाऱ्यांपेक्षा मी फार वेगळा नव्हतो. ते फळ फडक्यात गुंडाळून दुपारच्या गाडीने डोंबिवलीला गेलो.

भावजयीने नारळाचं दूध काढूनच ठेवलं होतं. आईने चिबूड स्वतः फोडलं, कुणाला हात लावू दिला नाही. वास घेतला आणि हसली. वर्षभरात ती तशी हसली नव्हती, असं भावजय म्हणाली. मग तिने पहिला चमचा तोंडात घातला. चेहरा हलला नाही. गिळला. वाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"ते कारीट काढलं होतंस का रे?"

"हो. तू गेल्यावर लगेच काढलेलं."

"लगेच?"

"त्याच आठवड्यात."

"बरं," आई म्हणाली.

तिने वाटीकडे परत पाहिलं नाही. भावजय वाटी उचलून आत घेऊन गेली आणि मी जमिनीकडे बघत बसलो. बासष्ट वर्षांचा मी, आईच्या तोंडातला वर्षाचा एक घास कडू केला आणि वर खोटं बोललो. लाज वाटत होती, आणि तरी खरं बोलवत नव्हतं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "देवामागचा पावडरचा डबा काढ." जुना टाल्कम पावडरचा पत्र्याचा डबा होता. तिने झाकण उघडलं. आत राख होती आणि राखेत बिया.

"सगळं नव्हतं दिलं मी तुला."

"का?"

"तू ऐकत नाहीस. शाळेत होतास तेव्हापासून ऐकत नाहीस."

मी हात पुढे केला. तिने डबा मांडीवरच धरून ठेवला.

"हे तुला नाही. ती वहीवाली मुलगी आहे ना तुमच्याकडे, तिला दे. आणि तिला सांग, ह्याला हात लावू द्यायचा नाही."

ह्याला म्हणजे मला. हे तिने माझ्याकडे बघत सांगितलं, आणि मग झाकण घट्ट बसवून डबा माझ्या हातात दिला.

ठाण्याला उतरून मी एका बाकावर बसलो आणि डबा उघडला. बिया मोजल्या. तेवीस. सहा काढून खिशात ठेवल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? ठेवल्या नाहीत. त्याला चांगुलपणा म्हणू नका. आईने मोजून दिल्या असतील अशी भीती वाटली.

चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. दार तिनेच उघडलं. मागे ती मूर्ती दिसत होती, आणि मी लिफ्टमधून रोज बघूनही ह्या उंबऱ्यापर्यंत कधी आलो नव्हतो. आत या म्हणाली. मी आत गेलो नाही. डबा पुढे केला आणि सगळं एका दमात सांगितलं. बी आईचं आहे, शेवटचं आहे, तुमच्याकडे द्यायला सांगितलंय. कारीट मी काढलं नव्हतं. आणि आईने सांगितलंय, मला ह्याला हात लावू द्यायचा नाही.

"आजी असं म्हणाल्या?"

"हेच शब्द."

"आणि ते, तुमच्यात फोडत नाहीत म्हणालेलात, ते?"

"ते माझंच," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने त्यावर 'असू दे' म्हटलं नाही. डबा उघडला, राखेत बोट फिरवलं, बंद केला. मग म्हणाली, "पुढच्या जूनपर्यंत मी सांभाळते. पण दिवसा माझे कॉल असतात काका, मला दुपारी खाली जायला नाही जमत. तुम्ही पाणी घातलेलं चालेल का, ते विचारा ना आजींना."

तिथेच, दारात उभा राहून, मी डोंबिवलीला फोन लावला. भावजयीने आईच्या कानाला धरला. मी विचारलं. पलीकडे आईने आधी टीव्ही बारीक करायला लावला.

"घाल पाणी," आई म्हणाली. "पण ती सांगेल तेवढंच. आणि वेळेवर लावा म्हणावं तिला. मला आता दोन-दोन वर्षं थांबवत नाही."

"हो. आणि आई, कारीट नाही लावणार."

"मघाशी काढलं म्हणालास," ती म्हणाली आणि तिने फोन भावजयीकडे दिला.